बिनतालाची परीक्षा

अकराव्या मजल्यावर कुंडीत मोगरा छान फुलतो म्हणे! सुकेशने फोनवर हे सांगितलं तेव्हा गिरिजक्का मनात म्हणाली, हो तर, आणि समुद्रसुद्धा बादलीत मावतो. तोंडाने मात्र ती एवढंच बोलली, "बघू की रे."

"बघू नाही, अम्मा. अप्पा दोनदा पडले. आता पुन्हा पडले तर मी गाडी घेऊन येणार आणि दोघांना बंगळूरला उचलून आणणार. सांगून ठेवतोय."

"उचलून न्यायला आम्ही काय तांदळाची पोती आहोत?"

"अम्मा, थट्टा पुरे झाली."

थट्टा कसली!  कुंदापूरच्या अलीकडे खाडीला लागून तिचं घर, आणि घरामागे तिच्या मोगऱ्याचे वाफे. ती लग्न होऊन आली तेव्हा नवरा यक्षगानाच्या मेळ्यात, म्हणजे गावोगाव रात्रभर नाचगाण्याचे खेळ करणाऱ्या मंडळीत होता. दिवाळी झाली की वेषांच्या पेट्यांबरोबर जो बाहेर पडायचा, तो पावसाच्या तोंडावर उगवायचा. तोवर घर चालवलं ते मोगऱ्याने. उजाडताना कळ्या खुडायच्या, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफायच्या आणि फुलांची रिक्षा आली की तिच्यात ठेवायच्या. या कळ्यांवर सुकेश शिकला, इंजिनियर झाला, आणि आता त्याच कळ्या कुंडीत लाव म्हणतो. बंगळूरला ती एकदा आठवडाभर राहून आली होती. खिडकीतून खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी दिसायची आणि हाक मारावी तर ऐकणार कोण! परत आली आणि आधी वाफ्यात जाऊन हात मातीत घातले.

पण सुकेशचंही काय चुकत होतं? तिचा नवरा तिम्मप्प देवाडिग म्हणजे एके काळचा यक्षगानातला नावाजलेला राक्षस. त्यांनी पडद्यामागून आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरायची. त्याच तिम्मप्पण्णांना आता कंपवात झाला होता. डॉक्टर पार्किन्सन म्हणायचे. हात कापायचा त्याचं काही नाही, पण चालता चालता पाय मध्येच जमिनीला चिकटायचे. धड पुढे जायचं, पाय मागेच, आणि मग राक्षस आडवा! एकदा न्हाणीच्या दारात झालं, एकदा विहिरीजवळ.

उडुपीचे डॉक्टर किणी म्हणाले होते, गोळ्यांचा मेळ बसवायला हवा, आणि त्यासाठी घरच्या हालचाली बघायला हव्यात. त्यांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मेल्विटा डिसोझा म्हणून मुलगी होती, चुणचुणीत, बोलण्यात गोड, पण कामात कुणाच्या बापाचं न ऐकणारी. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. त्यात ती, गिरिजक्का आणि सुकेश. गिरिजक्काने तिम्मप्पण्णांची परीक्षा घ्यायची आणि व्हिडिओ काढून टाकायचा.

परीक्षा साधी होती. अंगठ्यावर पहिलं बोट मोठं उघडून टपटप आपटायचं. मूठ उघडायची, मिटायची. टाच जमिनीवर आपटायची. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, उंबरा ओलांडून अंगणातल्या तुळशीपर्यंत चालायचं, वळायचं आणि परत यायचं. एकदा सकाळी गोळी घेण्याआधी, एकदा गोळीचा अंमल चढल्यावर. दोन्हींत किती फरक पडतो ते बघून डॉक्टर ठरवणार, गोळी वाढवायची की आहे ती पुरे.

आणि काय सांगावं, तिम्मप्पण्णा रोज पास! गोळीआधीही पास, गोळीनंतरही पास. बोटं अशी आपटायची की चिमटीत माशी सापडावी. खुर्चीतून उठायचे ते थेट तुळशीपाशी, वळणसुद्धा रंगमंचावर घ्यावं तसं ऐटीत.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणायचे. "डॉक्टरला म्हणावं, माझी गोळी तूच घे."

"पुरे झाली फुशारकी. परवा न्हाणीत कोण लोळत होतं?"

"ते साबणामुळे."

डॉक्टरांनी महिनाभर व्हिडिओ बघितले आणि तेही बुचकळ्यात पडले. माणूस गोळीआधीही इतका उत्तम चालतो, तर गोळी वाढवायची कशासाठी? उगाच अंग वेडंवाकडं हलायला लागेल. होता तो डोस त्यांनी तसाच ठेवला. आणि लगेच दोन दिवसांनी तिम्मप्पण्णा विहिरीकडे निघाले ते वाटेतच अडकले आणि नारळाच्या आळ्यात पडले. हाड मोडलं नाही, पण कोपर सोलवटलं. गिरिजक्काने पट्टी बांधली आणि बजावलं, "सुकेशला यातलं अक्षर कळता कामा नये."

"मी कशाला सांगू? मला काय लिफ्टची हौस आहे?"

सगळं घोडं कुठे पेंड खात होतं ते कुणाच्याच ध्यानात येईना. ध्यानात आलं ते मेल्विटाच्या, आणि तेही चुकून.

त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा गिरिजक्का सुपात कळ्या घेऊन बसली होती.

"अम्मा, तुमच्या शेजारी लग्न आहे का कुणाचं?"

"लग्न? आत्ता? मुहूर्त तरी आहेत का?"

"मग व्हिडिओत वाजतंय काय? मी नेहमी आवाज बंद करून बघते, डॉक्टरांनाही तसंच दाखवते, समोर पेशंट बसलेले असतात. आज चुकून सुरू राहिला. टाळ वाजतोय, कुणीतरी मोठ्याने म्हणतंय, आणि मध्येच भांड्यावर काहीतरी ठण ठण..."

"अगं ते होय! ते आपले सुब्राय भागवत."

सुब्राय हेब्बार म्हणजे त्याच मेळ्याचे भागवत, गाणारे आणि खेळ चालवणारे. उभी हयात दोघांची एकत्र गेली, भागवतांनी टाळ वाजवायचा आणि तिम्मप्पण्णांनी नाचायचं. निवृत्त झाले तरी भागवत रोज सकाळी कॉफीला हजर, टाळ खिशात. तिम्मप्पण्णा खुर्चीत बसले की भागवत ओट्यावरून "हं, राक्षसा, ये!" म्हणत टाळ सुरू करायचे. ठण ठण करायची ती गिरिजक्का, हातात असेल त्या पळीने. या घरात डोशाचं पीठ वाटलं जायचं तेही तालात. तालाचा आवाज कुणाच्या कानाला लागायचाच नाही.

"रोज वाजवतात?" मेल्विटाने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"मग? बिनतालाचा माणूस चालेल कसा?"

पलीकडे मेल्विटा इतकी हसली, इतकी हसली की गिरिजक्काला राग आला. मग ती पोरगी नीट समजावून सांगायला लागली. अम्मा, आपण चालतो तेव्हा आतून कुणीतरी ठेका देत असतं, आपल्याला कळतही नाही. या आजारात तो आतला ठेकेदार झोपतो. गोळी त्याला उठवते. पण बाहेरून ताल मिळाला तर पाय त्याच्यावरसुद्धा चालतात, गोळी असो नसो. आणि अण्णांचे पाय तर जन्मभर तालावरच चाललेले. "म्हणजे महिनाभर आम्ही गोळीची परीक्षा घेतलीच नाही. आम्ही भागवतांची घेतली."

गिरिजक्काच्या हातातलं सूप तसंच राहिलं. न्हाणीत भागवत नव्हते. विहिरीच्या वाटेवर भागवत नव्हते. इतकं सरळ होतं, आणि आपण म्हणे डोळे उघडे ठेवून बघत होतो!

भागवतांना सांगितलं तर ते आधी तिरमिरले. "म्हणजे मी काय त्याला नापास करायला बसलोय? मदत केली तर हा न्याय?" मग त्यांना वेगळंच सुचलं. "म्हणजे डॉक्टरांनी जे शंभर टक्के गुण दिले, ते माझे!"

"नाच मी केला," तिम्मप्पण्णा म्हणाले.

"तो तर काय मेळ्यातही मीच करून घेत होतो."

मेल्विटाने हुकूम काढला. परीक्षेच्या वेळी टाळ बंद, पळी बंद, तोंडातल्या तोंडात पुटपुटणंही बंद. बाकी दिवसभर हवा तेवढा वाजवा, उलट वाजवाच, पाय अडकला की त्याच्यासारखं औषध नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिनतालाची पहिली परीक्षा झाली. भागवत हात मांड्यांखाली दाबून ओट्यावर बसले. गिरिजक्काने फोन धरला. तिम्मप्पण्णांनी बोट आपटायला घेतलं. दोनचार वेळा आपटलं, मग ते लहान लहान होत गेलं आणि नुसतंच थरथरत राहिलं. टाच उचलेना. खुर्चीतून उठताना मागे बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. कसेबसे उंबऱ्यापाशी आले आणि खुंट ठोकावा तसे उभे राहिले. पाय जागच्या जागी थरथरत होते, पुढे येत नव्हते. कपाळावर घाम आला.  भागवतांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण त्या माणसाने हात बाहेर काढले नाहीत.

गिरिजक्काने व्हिडिओ बंद केला, धावत जाऊन नवऱ्याला धरलं आणि खुर्चीत बसवलं. तिला स्वतःचाच संताप आला होता. हा माणूस रोज सकाळी असा होता, असा! आणि आपण पळी वाजवत होतो.

"हे पाठवू नकोस," तिम्मप्पण्णा म्हणाले.

"डॉक्टरांना कळायला नको?"

"ग्रुपवर सुकेश आहे. हे बघितलं की तो तासाभरात निघेल. तुझा मोगरा, हे घर, सगळं गेलं म्हणून समज. झाकली मूठ सव्वा लाखाची, गिरिजा. भागवत, घ्या टाळ. पुन्हा काढू."

भागवतांनी गिरिजक्काकडे बघितलं. ती फोन घेऊन परसात गेली. वाफ्यांत उद्याच्या कळ्या टपोरल्या होत्या. तिला ते घर हवं होतं, हातापायांसारखं हवं होतं. खोटं कशाला बोला! एक बोट दाबलं की व्हिडिओ जाणार, नाही दाबलं की राहणार. आणि मग राहिलो तर राहिलो, पण कुणाबरोबर? आळ्यात पडलेल्या माणसाबरोबर? तिने देवाला चार शब्द सुनावले, नवऱ्याला दोन, सुकेशला पाच, आणि व्हिडिओ पाठवून दिला.

सुकेशचा फोन लगेच आला. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. "अम्मा, दोन आठवड्यांनी रविवारी येतो. तयारी ठेव," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

डॉक्टर किणींनी मात्र तो व्हिडिओ बघून टेबलावर हात मारला म्हणे. आता कुठे खरा पेशंट दिसला! त्यांनी गोळ्या वाढवल्या, दोन गोळ्यांमधलं अंतर कमी केलं. मेल्विटाने खाण्याची चौकशी केली. सकाळी गोळी कशाबरोबर घेता?

"नीर डोशाबरोबर. आणि रात्रीची बांगड्याची आमटी."

"अरे देवा! अम्मा, मासा आणि गोळी एकाच दारातून आत जायला बघतात. मासा दांडगा, तो आधी घुसतो. गोळी आधी घ्या, पाण्याबरोबर. बांगडा सावकाश येऊ दे."

तिम्मप्पण्णांनी शिळ्या आमटीसाठी थांबणं म्हणजे केवढी शिक्षा! पण थांबले. रोज बिनतालाची परीक्षा झाली, रोज जशीच्या तशी ग्रुपवर गेली. गोळीआधी माणूस अजून खुंटासारखाच असायचा, पण गोळीनंतर हळूहळू पाय सुटायला लागले. एक दिवस बरा, एक दिवस वाईट, पुन्हा दोन दिवस बरे. सुकेश बघत होता की नाही कोण जाणे. निळ्या खुणा दिसायच्या, शब्द एक नाही. बंगळूरला बसून उंटावरून शेळ्या हाकणारा हा मुलगा गप्प बसला की गिरिजक्काला जास्त धास्ती वाटायची. तिने शेजारच्या कुसुमला वाफ्यांना पाणी कसं घालायचं तेही दाखवून ठेवलं. दाखवता दाखवता मध्येच उठून घरात गेली आणि तोंड धुऊन परत आली.

रविवारी गाडी अंगणात येऊन थांबली. मागच्या सीटवर दोन नव्या कोऱ्या बॅगा, रिकाम्या. गिरिजक्काने त्या बघितल्या आणि बघितल्या नाहीत असं केलं.

"प्रवास कसा झाला?"

"घाटात धुकं होतं. अप्पांनी गोळी घेतली?"

"घेतली. अंमल चढायची वेळ झालीच आहे."

"मग घे परीक्षा. मला समोर बघायची आहे. आणि भागवत मामा, टाळ माझ्याकडे द्या."

भागवतांनी निमूट खिशातून टाळ काढून दिला आणि हात मांड्यांखाली घातले. या मुलाला यक्षगानाचं वावडं, हे गावाला ठाऊक होतं. त्याच्या लहानपणी बाप अर्धं वर्ष घरी नसायचा, तो राग मोठेपणीही गेला नव्हता. त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सुकेश गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. गिरिजक्काने फोन धरला. "चला," ती म्हणाली.

बोटं आपटली, मोठी उघडून, शेवटपर्यंत. मूठ झाली. टाच झाली. तिम्मप्पण्णा हात छातीशी बांधून उठले, पहिल्याच खेपेला. चालत आले. पावलं थोडी आखूड, पण पावलं होती, फरफट नव्हती. उंबऱ्यापाशी आले आणि थांबले.

थांबले ते थांबलेच.

गिरिजक्का मनातल्या मनात म्हणाली, एक पाऊल, फक्त एक पाऊल, उचला हो!  आणि तेवढ्यात आवाज आला. टक्. टकटक, टक्. टकटक, टक्.

"भागवत!" ती फोन न हलवता ओरडली.

"मी नाही!" भागवतांनी दोन्ही हात वर केले.

बॉनेटवर सुकेशची बोटं चालली होती. नजर बापाच्या पावलांवर, तोंड अर्धवट उघडं, आणि बोटं आपली पत्र्यावर ठेका देताहेत. ठेका तरी कुठला? राक्षसाच्या प्रवेशाचा! त्याच्या बापाचा. ज्याला यक्षगानाचं वावडं, त्या मुलाच्या बोटांत तो कधीपासून येऊन बसला होता कुणास ठाऊक. लहानपणी खेळाला नेलं की चटईवर पाठ फिरवून झोपायचा. झोपला होता कुठला!

"अरे, अडकलो नाहीये मी," उंबऱ्यातून तिम्मप्पण्णांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "पायरीवर कोंबडी आहे, तिला पिल्लं घेऊन जाऊ दे की! आणि तू आधी हात खिशात घाल. औषध चालवतंय की तू, ते डॉक्टरांना कळायला नको?"

सुकेशने स्वतःच्या हाताकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. मग दोन्ही हात खिशात कोंबले. कान लाल झाले होते.

कोंबडी उतरली, पिल्लं उतरली. तिम्मप्पण्णांनी पाय उचलला, उंबरा ओलांडला आणि तुळशीपर्यंत गेले. वळताना जरा डुलले, सावरले, आणि परत आले. कुठेही कसलाही आवाज नव्हता. गिरिजक्काच्या डोळ्यांत पाणी आल्यामुळे शेवटचं वळण व्हिडिओत थोडं वाकडं आलं.

"पाठव," भागवत म्हणाले.

"काय पाठव?" तिम्मप्पण्णा खुर्चीत बसत म्हणाले. "त्यात ताल आला. मेल्विटा बाद करणार. आणि या खेपेला तो तुमच्या नावावर नाही हं, भागवत."

"नाहीच मुळी! लिहून घ्या!" भागवतांना इतका आनंद झाला होता की ते ओट्यावरून खालीच उतरले.

सुकेश काही न बोलता गाडीपाशी गेला. दार उघडून त्याने मागच्या सीटवरच्या बॅगांकडे थोडा वेळ बघितलं आणि दार पुन्हा लावलं. खिशातला टाळ काढून भागवतांच्या हातात ठेवला.

"बॅगा नाही काढायच्या?" गिरिजक्काने विचारलं. तिला आवाज साधा ठेवायचा होता, तो राहिला नाही.

"राहू देत. रिकाम्या आल्या, रिकाम्या जातील." त्याने नाक पुसलं. "पण मी उद्या जातो. सकाळी गोळीआधीची परीक्षा असते ना? ती मी घेतो. फोन मी धरतो."

"धर की," गिरिजक्का म्हणाली. "पण दोन्ही हातांनी धर."